मराठी कथेतील मितशब्दता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
‘लघुकथा म्हणजे लहान कथा’ अशी व्याख्या लिहून विद्यार्थी मोकळे होतात आणि अध्यापकही बहुधा तेथेच थांबतात. तथापि, आकाराचा आटोपशीरपणा आणि शब्दांचा संयम या दोन भिन्न गोष्टी असून मराठीत त्या वेगवेगळ्या काळी अवतरल्या, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

विवेचन :
हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले. त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच छोट्या कथाही येत. त्यांना आपट्यांनी ‘स्फुट गोष्टी’ म्हटले. पुढे काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकात (१८९५) एकाच अंकात पुरी होणारी ‘संपूर्ण गोष्ट’ रूढ झाली. हा आटोपशीरपणा मुख्यतः नियतकालिकाच्या पानांनी घडविला. निवेदक मात्र वाचकाला बोध करीत, पात्रांच्या वर्तनाचा अर्थ उलगडून सांगत राहिला. पाने आटली, भाष्य आटले नाही.

दिवाकर कृष्ण यांच्या ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ (१९२७) या संग्रहाने घटनेपेक्षा मनोव्यापाराला महत्त्व दिले. १९४५ नंतरच्या नवकथेत भाष्यही मागे सरले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ ही कादंबरी (१९५५) याची ठळक उदाहरणे होत. दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा निवेदक मास्तर दिसले तेवढे सांगतो. हळहळ वाचकावर सोपवितो.

याचा अर्थ कमी शब्द म्हणजेच चांगली कथा, असा नव्हे. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत आणि त्यांत प्रतिमांची दाटी आहे. परंतु त्या प्रतिमा अलंकार म्हणून येत नाहीत. कथेचा आशय त्यांच्यातूनच साकारतो. त्या वगळल्यास कथाच उरत नाही.

निष्कर्ष :
मितशब्दतेची कसोटी शब्दसंख्या नसून, शब्द काढल्यावर काय हरवते, ही आहे. माडगूळकरांच्या कथनात घालण्यासारखे आणि जी. एं.च्या कथेत काढण्यासारखे फारसे सापडत नाही. वाचकाच्या समजुतीवर लेखकाचा विश्वास वाढला, तेव्हा मराठी कथा खऱ्या अर्थाने मितशब्द झाली. वर्गात कथा शिकविताना पाने मोजण्याऐवजी हा विश्वास शोधावयास हवा.