कागदाचीं वस्त्रें

राजवाड्यांचा इतिहास दगडांत राहतो, लढायांचा कागदपत्रांत राहतो. परंतु मनुष्यानें अंगावर काय घातलें याचा इतिहास कापडाबरोबर विरून जातो. थोरल्याचा अंगरखा धाकट्यास होतो, त्याचें पुढें अस्तर होतें, अस्तराचें पोतेरें होतें आणि अखेर चिंधी उरते. युरोपांतील जुन्या पोशाखांचा अभ्यास करणारांस ही अडचण पदोपदीं भासते. तींतून वाट काढतांना त्यांना ज्या वस्तूंचा उपयोग झाला, त्यांत एक दिसावयास अगदींच क्षुल्लक आहे. ती म्हणजे कागदाचा इवलासा पोशाख.

या पोशाखाचें मूळ बाहुलींत आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत पॅरिसचे शिंपी नव्या धाटणीचा झगा बाहुलीवर चढवून ती लंडनला व युरोपांतील इतर दरबारांकडे धाडीत. या बाहुल्यांना पँडोरा असें नांव होतें. त्यांना पाहून तेथील शिंपी तसेच कपडे बेतीत. परंतु अशी बाहुली खर्चाची बाब होती, आणि ती थोड्यांच्याच दृष्टीस पडे. पुढें मुद्रणकलेनें हें काम स्वस्त केलें. जर्मनींतील वायमार येथून १७८६ पासून चैनीच्या व पोशाखांच्या वार्ता देणारें एक मासिक निघत असे. त्यानें १७९१ मध्यें आपल्या वाचकांना लंडनच्या एका नवलाची वार्ता दिली. तें नवल म्हणजे वीतभर उंचीची कागदी बाहुली आणि तिला चढविण्याउतरविण्याचे कागदी कपडे.

यानंतर १८१० मध्यें लंडनच्या रॅथबोन प्लेस या रस्त्यावरील फुलर नांवाच्या दुकानदारांनीं छोट्या फॅनीचा वृत्तांत सांगणारें एक पद्यमय पुस्तक विक्रीस काढलें. त्याच्यासोबत हातानें रंगविलेल्या सात कागदी आकृति आणि एक सुटें डोकें मिळे. कथा पुढें सरकेल तसतसें तेंच डोकें पुढल्या पोशाखाच्या गळ्याशीं खोंवावयाचें, अशी योजना होती. फॅनी नटवी व आळशी असते. ती आईचें न ऐकतां बाहेर पडते, अंगावरचीं भारी वस्त्रें गमावते, भीक मागते, मासळी विकते आणि शेवटीं शहाणी होऊन घरीं परतते. मुलांसाठीं धडा उघड आहे. पोशाखाच्या इतिहासकारास मात्र धड्याहून वस्त्रेंच मोलाचीं वाटतात. श्रीमंत मुलीचा शुभ्र झगा आणि मासळीवालीचा जाडाभरडा वेष त्या संचांत शेजारीं शेजारीं आहेत, आणि दोहोंवर डोकें एकच बसतें.

मासळीवालीचा खराखुरा वेष संग्रहालयांत क्वचितच आढळतो. तेथें मुख्यतः रेशीम व जरतार जपून ठेवलेली असते. गरिबांचे कपडे कोठें गेले, या प्रश्नाचें एक उत्तर कागदाच्या धंद्यांत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांत कागद होई तो बहुतांशीं लिननच्या व सुती चिंध्यांचा. चिंध्या घरोघरून गोळा करीत, भिजवून कुटीत आणि त्यांच्या लगद्याचे ताव काढीत. त्यांची चणचण इतकी, कीं १६६६ मध्यें इंग्लंडांत प्रेतें लोकरीच्याच वस्त्रांत पुरावींत असा कायदा झाला, तेव्हां लोकरीच्या धंद्याबरोबर कागदाच्या धंद्यास उत्तेजन देणें हाही त्याचा हेतु होता. झिजलेला सदरा असा शेवटीं कागदाच्या कारखान्यांत जाई. फॅनीचे फाटके कपडे ज्या कागदावर रंगविले, तोही कोणाच्या तरी विटलेल्या कपड्यांचाच बनलेला होता.

विसाव्या शतकांत या खेळण्यास विद्येची जोड मिळाली. जॅनेट आर्नोल्ड (१९३२–१९९८) या इंग्रज विदुषींनीं संग्रहालयांतील जुने कपडे टांक्याटांक्यानें तपासून मोजले. १९६४ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्या कपड्यांच्या बेतणीचे आराखडे मूळच्या एकअष्टमांश प्रमाणांत दिले. पांच फूट लांबीचा झगा या मापानें साडेसात इंचांत बसतो. असा आराखडा कागदावर उतरून, कातरून, डिंकानें जोडला, म्हणजे जुन्या शिंप्यानें कोठें कळी घातली, कोठें चुणी लपविली, कापड वांचविण्यासाठीं कोठें तुकडा जोडला, हें हातालाच कळतें. उरेब कापलेलें कापड ताणलें जातें आणि लहानसहान चूक झांकून नेतें. कागदाला ती सोय नाहीं. बेत चुकला कीं तो फुगतो किंवा फाटतो. म्हणूनच विसरलेली बेतणी शिकविणारा तो कठोर पण खरा गुरु आहे.

याच कागदाला बेल्जमच्या चित्रकार इझाबेल द बोर्शग्राव्ह (१९४६–२०२४) यांनीं पूर्ण मापाच्या पोशाखाचें रूप दिलें. कॅनडांतील पोशाखतज्ज्ञ रीटा ब्राउन यांच्या साह्यानें त्यांनीं तीनशें वर्षांतील झगे कागद चुरगाळून, रंगवून उभे केले. फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा हिचें चित्र ब्रोंझिनो या चित्रकारानें सुमारें १५४५ मध्यें काढलें. त्यांतील झगाही बोर्शग्राव्ह यांनीं कागदांत केला. १५६२ मध्यें ती वारली, आणि तिच्या थडग्यांतून निघालेल्या दुसऱ्याच एका वस्त्राचे जीर्ण अवशेष फ्लॉरेन्समध्यें जपले आहेत. चित्रांत झग्याची केवळ पुढली बाजू दिसते. तो उभा करावयाचा तर पाठ कशी असेल याचा तर्क जुन्या बेतणीच्या ज्ञानावरूनच करावा लागतो.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. डचेसचा झगा पुन्हा घडविण्यास चित्र आहे, अवशेष आहेत, मोजमापें आहेत. फॅनीच्या मासळीवालीस यांतलें कांहींच नाहीं. तिचा वेष सुखवस्तु मुलांना धाक घालण्यासाठीं काढलेला आहे, म्हणून तो जसाच्या तसा पुरावा मानतां येत नाहीं. तथापि गरिबांच्या वस्त्रांविषयीं बोलणारे साक्षीदार इतके थोडे आहेत, कीं इतिहासकारानें या वीतभर कागदाची साक्षही पारखून, पण आदरानें ऐकावी हेंच योग्य. पेटींत जपलेलें रेशीम आपल्या धन्याची हकीगत सांगावयास राहिलें. जीं वस्त्रें झिजेपर्यंत वापरलीं गेलीं, त्यांची हकीगत मात्र त्यांच्याच चिंध्यांच्या कागदावर शोधावी लागते.