रेडिचचा साज, शोलावरमची शर्यत

पेडण्याहून हरमलकडे जाताना कोरगाव लागतं. कमळेश्वराचं देऊळ, भाताची शेतं, माडांच्या बागा आणि वळणावळणाचा रस्ता. पावसाळा सरला की या रस्त्यावर बुलेटची फटफट वाढते. सत्तरच्या दशकापासून हणजुणेत आणि पुढे हरमलला परदेशी पाहुणे मुक्काम ठोकू लागले. हंगामभर फिरायला जुनी बुलेट घ्यायची आणि उन्हाळा तापला की ती विकून मायदेशी परतायचं, असा त्यांच्यातल्या अनेकांचा शिरस्ता. त्यामुळे बार्देश-पेडण्यात जुन्या बुलेटला गिऱ्हाइकाची ददात कधी पडली नाही आणि तिचं पोट उघडून बसणाऱ्या मेस्त्रींनाही काम मिळत राहिलं.

या जुन्या गाड्यांत अलीकडे एक नवा अवतार दिसतो. हँडल खाली गेलेलं, टाकी लांबोडकी, एकट्यापुरती सीट आणि तिच्या मागे उंचवटा, फुटरेस्ट मागे सरकवलेले, मडगार्ड जवळजवळ नाहीतच. साठच्या दशकातल्या इंग्रजी रेसरचा हा साज आहे. २०१३ मध्ये वागातोरला इंडिया बाइक वीक भरू लागला, त्याच वर्षी रॉयल एनफिल्डने काँटिनेंटल जीटी ५३५ बाजारात आणली आणि या हौसेला खतपाणी मिळालं. साज सुंदर आहे, यात वाद नाही. पण तो बुलेटचा कधी होता का?

या वेशाचा उगम इंग्लंडातला. ब्रुकलँड्सच्या उतरत्या काठांच्या ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारणाऱ्याला सोन्याच्या ताऱ्याची पिन मिळे. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडलीने बीएसएच्या ५०० सीसी एम्पायर स्टारवर ती कमावली आणि पुढच्या वर्षी बीएसएने गोल्ड स्टार नावाची गाडीच काढली. नॉर्टनने १९५० मध्ये मॅककँडलेस बंधूंची 'फेदरबेड' चासी शर्यतीत उतरवली. त्या चासीवर जेफ ड्यूकने त्याच वर्षी आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. ज्यांच्या खिशाला असली गाडी परवडत नव्हती, त्या पोरांनी नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवून 'ट्रायटन' जन्माला घातली आणि लंडनच्या एस कॅफेपासून रस्त्यावरच शर्यती लावल्या. आज ज्याला कॅफे रेसर म्हणतात, ती ही औलाद.

रॉयल एनफिल्डचा रेडिचचा कारखाना या खेळात उशिरा उतरला. १९६४ च्या अखेरीस त्यांनी २५० सीसीची काँटिनेंटल जीटी आणली: लाल टाकी, आखूड हँडल, पाच गिअर. गाजावाजा व्हावा म्हणून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत ती चोवीस तासांच्या आत दामटली. तिचं इंजिन क्रुसेडर घराण्यातलं, बुलेटशी त्याचा संबंध नाही.

बुलेटची कीर्ती वेगळ्या मैदानातली. १९४८ मध्ये इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, विजेत्या ब्रिटिश संघातल्या दोघांनी बुलेटवर सुवर्णपदकं मिळवली. स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये बुलेटवर जिंकली. या स्पर्धा दगडगोटे, चिखल आणि ओढे पार करण्याच्या. म्हणजे खरी स्पर्धक बुलेट उंच, सडपातळ आणि चिखलाने माखलेली असते. डांबरी वर्तुळावर वाकून पळणारी बुलेट ही नंतरची कल्पना.

तरीही जगभर बुलेटलाच हा वेश चढवला गेला, त्याचं कारण मद्रास. १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग जोडून आणि मग सगळं इथंच बनवून ३५० सीसीची बुलेट निघू लागली. सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराने घेतली, पोलिसांनी घेतली, दूधवाल्यांनीही घेतली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासला ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं तेच ३४६ सीसी इंजिन ओतलं जात राहिलं. १९७७ पासून बुलेट उलट इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. तिथल्या हौशींना जुनी गोल्ड स्टार परवडत नव्हती. त्यांना नवीकोरी, स्वस्त आणि आतून पन्नाशीच्या दशकातली गाडी घरपोच मिळाली, आणि त्यांनी तिला रेसरचे कपडे शिवले. स्वित्झर्लंडात फ्रिट्झ एगलींनी तर तिचं इंजिन वाढवून 'सुपर बुलेट' काढली. तोच वेश पुढे चित्रांतून आणि मासिकांतून आपल्याकडे परत आला.

गोव्याला इंग्रजी गाड्यांचं अप्रूप तसं नवं नव्हतं. १९५५ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने डिचोली-साखळीकडच्या लोहखनिजाच्या पैशावर परदेशी माल आणू दिला. सीमेपलीकडे आयातीवर निर्बंध असताना इथे युरोपीय गाड्या मिळत होत्या. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती गंमत संपली आणि गोवाही बुलेट-जावा-राजदूतच्या देशात आला. या गाड्यांनी गोव्यात पोटं भरली ती पायलटांची. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन तिठ्यावर उभा राहणारा पायलट मागे गिऱ्हाईक बसवून चार पैसे कमावतो. एकट्याच्या सीटची रेसर त्याच्या काय कामाची!

हा वेश चढवायला प्रत्यक्ष काय करावं लागतं, तेही पाहण्यासारखं आहे. पहिला अडथळा जुन्या बुलेटच्या नाकाचा. हेडलाइट, स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि दोन्ही बाजूंचे टायगर लॅम्प हे सगळं एकाच ओतीव डोंग्यात असतं, आणि तो डोंगाच पुढच्या फोर्कच्या नळ्यांचा वरचा आधार असतो. रेसरची दोन तुकड्यांची हँडलं थेट नळ्यांना आवळायची, तर हा डोंगा काढून वेगळी पट्टी लेथवर बनवून घ्यावी लागते. मग गिअर. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. फुटरेस्ट मागे नेले की गिअरची दांडी उलटी फिरवून बसवतात. पण दांडी उलटली की चालही उलटते: पहिला खाली, बाकीचे वर. सवयीच्या माणसाचा पाय वळणावर चुकतो, ही तक्रार दर गॅरेजात ऐकू येते.

खरी परीक्षा इंजिनाच्या पोटात आहे. बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, क्रँकपिनवर, तेलाच्या पापुद्र्यावर सुटं फिरणारं बुश असतं. संथ चाल आणि वेळेवर बदललेलं तेल मिळालं, तर ते वर्षानुवर्षं टिकतं. लांब स्ट्रोकच्या या इंजिनाची मूळ ताकद १८ अश्वशक्ती. तिला सतत चढ्या फेऱ्यांवर पिळलं की ते बुश जळतं. म्हणून जाणते मेस्त्री आधी तिथे रोलर बेअरिंग घालतात, मगच कार्बोरेटर मोठा करतात. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मेगाफोन सायलेन्सरच्या आवाजावर समाधान मानतात. अशी गाडी उभी असताना वेगवान दिसते, एवढंच.

आता आपल्या मातीतली शर्यत. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक ओस धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवल्या, त्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत चालल्या. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक झाला. शोलावरमच्या पुढच्या काळात बोलबाला टू-स्ट्रोकचा होता. म्हैसूरला इराणी कुटुंबाने उभारलेल्या आयडियल जावाच्या गाड्या, मग येझदी. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० राजदूत नावाने आणली: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. भारतात तिची ताकद कमी करण्यात आली आणि पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक बसवला गेला, तरी सुरुवातीच्या गाडीत ३०.५ अश्वशक्ती होती. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली आणि कोल्हापूरपासून म्हापशापर्यंत पोरांनी तिच्या ब्लॉकचे पोर्ट कानशीने घासायला सुरुवात केली.

या आरडीचं नातं खऱ्या रेसरशी रक्ताचं आहे. यामाहाच्या टीआर३ आणि टीझेड ३५० या शर्यतीच्या गाड्या त्याच घराण्यातल्या. जाकोमो अगोस्तिनीने १९७४ चं ३५० सीसीचं जगज्जेतेपद यामाहावरच मिळवलं. म्हणून कोकणात किंवा गोव्यात कोणाला जुन्या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती करायची असेल, तर ती पत्र्यापेक्षा इंजिनाच्या वंशावळीवरून ठरवावी. आरडीची टीआर३ करणं खरं. बुलेटची करायचीच तर जॉनी ब्रिटनची चाचणी-गाडी करणं खरं. बुलेटची गोल्ड स्टार करणं म्हणजे निव्वळ नाटकातला वेश.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. त्यातली एक अट कडक: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. १९७६ ची बुलेट २०२६ मध्ये पन्नाशी गाठते. तेव्हा हौस करणाऱ्यांनी मूळ टाकी, मडगार्ड, हँडल आणि तो दिव्याचा डोंगा भंगारवाल्याला न देता तेल लावून माळ्यावर ठेवावा, आणि चासीला वेल्डिंगची ठिणगी लागू देऊ नये.