लिनोचा ठसा : शिकाऊ माध्यमाचा इतिहास

कलेच्या इतिहासात काही माध्यमांना जन्मतःच मान मिळतो, काहींना तो कधीच पुरता मिळत नाही. तैलचित्र, भित्तिचित्र, संगमरवरी शिल्प ही पहिल्या प्रकारची उदाहरणे. लिनोकट हे दुसऱ्या प्रकारचे. कलाशाळेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात मुद्राचित्रणाच्या तासाला बहुधा पहिल्यांदा लिनोचा तुकडाच दिला जातो. तो स्वस्त असतो, कापायला मऊ असतो आणि बिघडला तरी फारसे नुकसान होत नाही. मग विद्यार्थी पुढे जातो आणि लिनो मागे राहतो, अशी एक रूढ समजूत आहे. ही समजूत तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुळात लिनोलियम ही कलेसाठी तयार झालेली वस्तू नव्हे. इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन याने 1863 मध्ये तिचे पेटंट घेतले ते जमिनीवर अंथरण्यासाठी. जवसाचे तेल हवेत घट्ट होऊ द्यायचे, त्यात बुचाच्या झाडाची पूड मिसळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा, अशी ही कृती. नावातही तेच आहे : लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस आणि 'ओलियम' म्हणजे तेल. दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि स्वयंपाकघरांच्या जमिनीवर पसरलेली ही वस्तू चित्रकारांच्या टेबलावर आली ती पुढच्या काही दशकांत, आणि तीही शिकणाऱ्यांच्या मार्फत. व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. त्या वर्गात मुले लिनो कापून ठसे घेत. ड्रेस्डेनमध्ये 1905 साली 'ब्रुके' हा गट स्थापन करणारे चौघे तरुण वास्तुशास्त्राचे विद्यार्थी होते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मागे टाकून लाकडाबरोबर लिनोही कोरण्यात त्यांना संकोच वाटला नाही. लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये क्लॉड फ्लाइट यांनी 1926 ते 1930 या काळात रंगीत लिनोकट शिकवला. सामान्य माणसाला सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत एक चित्र घरी नेता यावे, अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात किमती त्याहून चढ्याच राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

माध्यमाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय त्याचा इतिहास कळत नाही. लाकडाला रेषा असतात. फळीच्या रेषांच्या आडवी कोरणी चालवली की ढलपा निघतो, आणि हाताला लाकडाशी तडजोड करावी लागते. लिनोला अशी दिशा नाही. वळणदार रेषा त्यात कुठल्याही बाजूने सारख्याच सहजतेने निघते. थंडीत तो कडक होतो, म्हणून उन्हात ठेवून किंचित गरम करून घेतात. कोरणी आपल्यापासून दूर ढकलायची आणि दुसरा हात तिच्या वाटेत येऊ द्यायचा नाही, हा पहिला धडा. कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि न कोरलेला शाई घेतो, हा दुसरा. तिसरा धडा सर्वांत अवघड : सारे उलटे उमटते. देवनागरीत नाव कोरणाऱ्या विद्यार्थ्याला वेलांट्या आणि मात्रा आरशातल्यासारख्या लिहाव्या लागतात, आणि आयुष्यभर गिरवलेली अक्षरे त्याला पुन्हा नव्याने पाहावी लागतात. छापायला यंत्र नसले तरी चालते. रुळाने शाई लावून, वर कागद ठेवून, चमच्याच्या पाठीने घासले तरी ठसा निघतो.

पेन्सिलीने चित्र काढणारा पांढऱ्यावर काळे भरत जातो. लिनो कोरणारा काळ्यातून पांढरे मोकळे करीत जातो. शिकाऊ विद्यार्थ्याच्या विचारात होणारा हा पालट भारतीय संदर्भात सर्वांत ठळकपणे दिसतो तो नंदलाल बोस यांच्या 'बापूजी' या लिनोकटमध्ये. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या निमित्ताने केलेला हा ठसा. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांतून काठी घेऊन चालणारे गांधीजी उमटतात. चेहऱ्याचे बारकावे जवळजवळ नाहीत. ओळख पटते ती चालीवरून. तैलरंगात छाया-प्रकाशाचे जे काम शेकडो फटकाऱ्यांनी होते ते येथे कोरणीच्या थोड्या आघातांवर सोपवावे लागले. माध्यमाची ही गरिबी आणि विषयाचा साधेपणा यांचा येथे मेळ बसला आहे.

हे चित्र एकाएकी जन्माला आले नाही. शांतिनिकेतनात 1919 मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल त्याचे प्रमुख झाले. 1920 च्या दशकात फ्रेंच चित्रकार आंद्रे कार्पेलेस यांनी तेथे लाकूड कोरून ठसे घेण्याची पद्धत शिकवली. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी शिकत होते, हे त्या वातावरणाचे वैशिष्ट्य होते. नंदलाल स्वतः प्रस्थापित चित्रकार असूनही या नव्या पद्धतीपुढे शिकाऊच होते. त्याच 1930 साली रवींद्रनाथांचे 'सहज पाठ' हे बंगाली बालवाचन प्रसिद्ध झाले. त्यातली चित्रे नंदलालांची, आणि तीही लिनोकट. कोरलेला ठसा हा उठावाचा असतो. म्हणूनच लाकडी ठोकळ्यावर बसवून त्याची उंची शिशाच्या खिळ्यांइतकी केली की तो अक्षरांच्या जुळणीबरोबर एकाच यंत्रावर छापता येतो. शिळाप्रेसला किंवा ताम्रपटावरील कोरीव चित्राला ही सोय नाही. जाड काळ्या रेघेचे अक्षर आणि तशाच रेघेचे चित्र एकमेकांशी जुळते. लहान मूल अक्षर आणि आकृती एकाच नजरेने वाचू लागते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. लिनोच्या अनेक प्रती निघतात, म्हणून ते लोकांपर्यंत पोहोचणारे माध्यम, असे आपण सहज म्हणतो. चित्तप्रसाद भट्टाचार्य (1915–1978) यांचे आयुष्य या विधानाला प्रश्न विचारते. कलाशाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या या चित्रकाराने 1943 च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव फिरून शाईची रेखाटने केली. त्यांचे 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक त्याच साली निघाले आणि सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. 1946 पासून ते मुंबईत राहिले. कम्युनिस्ट पक्षापासून दूर गेल्यावर अंधेरीतील छोट्या घरात एकाकीपणे त्यांनी लिनो कोरले. 1950 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी श्रमणाऱ्या मुलांवर एक मालिका केली. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती 1969 मध्ये. ज्या महानगरात ही चित्रे कोरली गेली तेथील किती वाचकांनी ती त्या काळात पाहिली असतील? ठसा शंभर प्रती देऊ शकतो. पण प्रत हातात घेणारा वाचक तो निर्माण करू शकत नाही. त्यासाठी पुस्तके, मासिके, शाळा आणि मुख्य म्हणजे पाहण्याची सवय लागते.

प्रयोगाचा मार्ग मात्र बंद झाला नाही. दक्षिण फ्रान्समधील व्हालोरी येथे 1959 पासून पाब्लो पिकासो यांनी एकाच लिनोवर टप्प्याटप्प्याने कोरून रंगीत ठसे काढले. आधी फिकट रंग छापायचा, मग तोच ठसा आणखी कोरायचा आणि त्यावर गडद रंग चढवायचा. शेवटी मूळ ठशाचा फारसा भाग उरतच नाही, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे फिरता येत नाही. आजही अनेक कलाशाळांत विद्यार्थी ही पद्धत शिकतात आणि तिला 'आत्मघाती' असेही म्हणतात. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या पिकासोंनी नव्हे, तर ती ओलांडून ऐंशीकडे निघालेल्या पिकासोंनी शाळकरी मानलेल्या माध्यमाशी हा खेळ मांडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शांतिनिकेतनात 1973 पासून नंदलालांच्या जन्मदिनाच्या आगेमागे, डिसेंबरच्या आरंभी, नंदन मेळा भरू लागला. विद्यार्थी आपली कामे तेथे माफक किमतीत विकतात आणि जमलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वापरला जातो. फ्लाइट यांची इच्छा वेगळ्या मातीत थोडीफार फळाला आली ती येथे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासात का शिरावे? कारण आपण पुस्तकाचा मजकूर वाचतो आणि त्यातली चित्रे ओलांडून जातो. आपल्या वाचनमाला, बालमासिके आणि दिवाळी अंक यांतील चित्रे कोणी, कशावर आणि कोणत्या सोयीगैरसोयीत काढली याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात फार थोडी आढळते. 'सहज पाठ' हाती घेतल्यावर लेखक रवींद्रनाथ आणि चित्रे नंदलालांची, एवढे सांगून थांबणे अपुरे आहे. तेथे लिनोने दोघांनाही एका यंत्रावर, एका पानावर आणले आहे. एखाद्या जुन्या मराठी अंकाचा अभ्यास करताना विद्यार्थ्याने लेखकांच्या नावांबरोबर त्यातील ठशांची आणि चित्रकारांची यादीही करावी. निदान तिथून तरी या कामाची सुरुवात होऊ शकेल.