राखीव जंगल कोणासाठी? जव्हार-मोखाड्याच्या वनांचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात लढाया आणि तह असतात, जंगल सहसा नसते. पण पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास जंगल वगळून सांगताच येत नाही. इथल्या झाडांकडे कोणी इमारती लाकूड म्हणून पाहिले, कोणी मुंबईच्या पाण्याची राखण करणारे रान म्हणून, तर कोणी सहलीची जागा म्हणून. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्यासाठी मात्र तो रोजच्या जगण्याचा आधार होता. सरकारी जंगलाचे व्यवस्थापन म्हणजे या चार गरजांची सांगड. ती कशी बदलत गेली ते पाहू.

दोन राज्ये, एक जंगल

१९४८ पर्यंत हे दोन भाग वेगळ्या राज्यांत होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान होते. मोखाडा हा ब्रिटिश अमलातील ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याचा पेटा होता. सीमा नकाशावर होती. साग, ऐन, खैर, मोह दोन्हीकडे सारखेच वाढत. सागाला बाजारात काय मोल येते हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते.

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. लोहमार्ग घाट चढून पुढे गेला तशी लाकडाची मागणी वाढली. १८६४ मध्ये सरकारने वनखाते स्थापन केले. डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. संरक्षित जंगलात ज्याला मनाई नाही ते करता येई. राखीव जंगलात ज्याला परवानगी नाही ते करणे गुन्हा ठरला. ग्रामवने बहुतांशी कागदावरच राहिली.

राबाचा वाद

या कायद्याची झळ इथल्या शेतकऱ्याला कशी लागली हे समजण्यासाठी राब समजून घ्यायला हवा. पावसाळ्यापूर्वी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटतात. त्या वाळल्या की पालापाचोळा, गवत, शेण यांच्यासह जमिनीच्या एका लहान तुकड्यावर पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवतात. पाऊस पडला की तिथे नागली, वरई किंवा भात पेरतात आणि तयार रोपे शेतात लावतात.

ही केवळ रूढी नव्हे. उष्णतेने तणांचे बी मरते. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळते. पाल्यातील बराचसा नत्र हवेत निघून जातो हे खरे. पण तापलेल्या मातीतील सेंद्रिय पदार्थांमधला काही नत्र रोपांना घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये राबपद्धतीवर संशोधन प्रसिद्ध केले.

वनखात्याला मात्र राब ही लाकडाची नासाडी वाटे. शेतकऱ्याच्या दृष्टीने राबावर बंधन म्हणजे रोपांवर बंधन. तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. दोन्ही बाजूंत थोडे तथ्य होते. बेताने छाटलेला ऐन पुन्हा फुटतो. पण जंगलाचा मोठा भाग राखीव झाला की उरलेल्या थोड्या झाडांवर दरवर्षी कोयता चालतो आणि ती खुरटतात. म्हणजे झाडांची हानी होण्यात बंदीचाही वाटा होता.

सहकार, पाणी आणि पर्यटन

१९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्था निघू लागल्या आणि ठेकेदाराऐवजी कामगारांच्या संस्थांना लाकूडतोडीचे काम मिळू लागले. मजुरी सुधारली, पण जंगलाविषयीचे निर्णय खात्याकडेच राहिले.

पुढे पाण्याचे महत्त्व वाढले. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण झाले. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते. उतारावर झाडे असली तर माती धरून ठेवली जाते आणि धरणात गाळ कमी येतो. म्हणून हे जंगल शहरालाही हवे असते. पण मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

१९७० मध्ये शेजारी तानसा अभयारण्य झाले. १८८४ नंतर नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला होता. तो २०१४ मध्ये तानसातही दिसला. तोडले गेलेले, छाटले गेलेले जंगलही किती जीव सांभाळून असते, याचा हा पुरावा आहे.

आता पावसाळ्यात दाभोसा धबधबा आणि सूर्यमाळ पाहायला शहरातून गर्दी येते. प्लास्टिक, तुडवलेली रोपटी, ओढ्यातील घाण असे नवे प्रश्न त्याबरोबर आले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनांचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. या भागात वयम् चळवळीसारख्या संघटना त्यासाठी काम करतात. किती माणसे कुठवर जावीत, कोणती जागा काही वर्षे बंद ठेवावी, येणाऱ्या पैशाचा वाटा कोणाला मिळावा, हे ठरवताना ग्रामसभेचा शब्द आधी ऐकला जावा, असे आम्हाला वाटते. ज्यांची चूल जंगलावर अवलंबून आहे त्यांना बाहेर ठेवून केलेली राखण टिकत नाही, हे राबाच्या वादातून दिसलेच आहे.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. आपल्या गावातील कोणती जमीन वनखात्याच्या नावावर आहे हे तलाठ्याकडून समजून घ्या. मग तीन वृद्ध व्यक्तींना विचारा : तिथून पूर्वी काय आणत होता, आणि केव्हापासून थांबले? उत्तरे वर्षांनुसार मांडा आणि वर दिलेल्या कायद्यांच्या वर्षांशी ताडून पाहा. गावाचा जो इतिहास छापील पुस्तकात नाही, त्याचे पहिले पान विद्यार्थ्यांच्याच वहीत तयार होईल.