नव्या कॅमेऱ्याची बटणे आणि सवयीचा अंगठा

अंतरपाट दूर होण्याचा क्षण फार तर दोन-तीन सेकंदांचा असतो. अशाच एका लग्नात नवाकोरा कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या प्रस्तुत लेखकाने नेमक्या त्या क्षणी शटरचे बटण दाबले. नंतर पाहिले तर छायाचित्र नव्हतेच. त्याऐवजी अकरा सेकंदांची चित्रफीत होती आणि तीत बराच वेळ मांडवाची कनात व लेखकाचे बूट दिसत होते. पकड सावरताना अंगठा चित्रीकरणाच्या लाल बटणावर पडला होता, आणि चित्रीकरण चालू असता त्या कॅमेऱ्याचे शटर काहीच करत नव्हते. कॅमेरा नादुरुस्त नव्हता. हातच जुन्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने चालत होता.

हे लाल बटण कोठे असावे, याचे उत्तर उत्पादकांनाही एकदम सापडलेले नाही. सोनीच्या पहिल्या अल्फा ७ मध्ये (२०१३) ते मागच्या उजव्या कडेला, पकडीच्या कोपऱ्यात होते. २०१७ च्या अल्फा ९ मध्ये आणि २०१८ च्या अल्फा ७ मार्क ३ मध्ये ते व्ह्यूफाइंडरच्या शेजारी आले. २०२० च्या अल्फा ७एस मार्क ३ मध्ये ते माथ्यावर, शटरच्या बटणामागे गेले. ज्यांच्या कॅमेऱ्यात ते अडचणीच्या जागी आहे, त्यांनी मेन्यूमध्ये ते केवळ चित्रीकरणाच्या मोडमध्येच चालावे अशी सोय आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास त्या बटणाला दुसरे निरुपद्रवी काम नेमून देता येते का, तेही पाहावे.

मुळात डोळा व्ह्यूफाइंडरला लागला, की बोटे आंधळी होतात. बटणांच्या जागा डोळ्यांना नव्हे, स्नायूंना पाठ असतात. म्हणून एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाणाऱ्यास पहिले काही आठवडे जड जातात. निकॉनच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत एक्स्पोजरच्या पट्टीवर अधिकची बाजू डावीकडे असे, कॅननमध्ये ती उजवीकडे. निकॉनने ही दिशा उलटवण्याचा पर्याय मेन्यूत दिला होता. मात्र लेन्स बसवताना कॅननची घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि निकॉनची उलट फिरवावी लागते. याला कोणताही मेन्यू उपाय नाही. घरी बसून वीस-पंचवीस वेळा लेन्स काढावी आणि घालावी, एवढेच हाती उरते.

सर्वांत उपयुक्त बदल शटरच्या बटणाबाबतचा आहे. हे बटण अर्धे दाबले की फोकस होतो आणि पूर्ण दाबले की छायाचित्र निघते, म्हणजे एकाच बोटावर दोन कामे पडतात. फोकस एकदा नीट साधल्यावर पुढच्या छायाचित्रासाठी बोट पुन्हा टेकवले, तर कॅमेरा पुन्हा शोध घेऊ लागतो आणि वधूवरांऐवजी मागच्या फुलांच्या माळा स्पष्ट येतात. यावरचा तोडगा म्हणजे फोकसचे काम तर्जनीकडून काढून मागील बाजूच्या बटणावर, अंगठ्याकडे देणे. ही सोय कॅननने १९८९ मधील ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात आणली. आज बहुतेक प्रगत कॅमेऱ्यांत ‘एएफ-ऑन’ नावाचे किंवा तसे नेमता येणारे बटण असते. सतत फोकस चालू ठेवणारा प्रकार निवडावा. मग अंगठा दाबून धरला तर कॅमेरा हलत्या विषयामागे जातो. अंगठा उचलला की फोकस तेथेच थांबतो. शटर मात्र निव्वळ शटर राहते. सवय होण्यास आठवडाभर तरी द्यावा. पहिल्या दिवशी राग येतो.

या व्यवस्थेत एक खोच आहे. ‘आमचाही एक काढा’ म्हणून कॅमेरा मामांच्या हाती दिला, की ते शटर दाबतात आणि सगळे चेहरे धूसर येतात. तेव्हा डायलवरील एखादे स्थान जुन्या पद्धतीने, अर्ध्या दाबाने फोकस होईल असे राखून ठेवावे आणि कॅमेरा देताना तेथे फिरवावा.

आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी आणखी दोन डोकेदुखी आणल्या. व्ह्यूफाइंडरजवळचा संवेदक चेहरा जवळ आला असे समजून मागचा पडदा बंद करतो. पण कमरेच्या उंचीवरून छायाचित्र घेताना त्याला सदराही चेहरा वाटतो. यासाठी पडदा आणि व्ह्यूफाइंडर यांची अदलाबदल एका बटणावर नेमून घ्यावी. दुसरी डोकेदुखी डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांची. त्यांचे नाक स्पर्शपडद्यावर टेकते आणि फोकसचा बिंदू भलतीकडे पळतो. कॅनन व फुजीफिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत स्पर्श ओळखणारा भाग पडद्याच्या उजव्या अर्ध्यापुरता मर्यादित करता येतो. अनेकांना हा पर्याय असल्याचेच ठाऊक नसते.

काही चुका केवळ वापरणाऱ्याच्या नसतात, हेही नमूद करावे लागेल. कॅननच्या ईओएस आर (२०१८) मधील स्पर्शपट्टी पुढच्या आर५ व आर६ (२०२०) मध्ये दिसली नाही. फुजीफिल्मच्या एक्स-टी३० (२०१९) मध्ये ‘क्यू’ बटण अंगठ्याच्या उंचवट्यावरच होते. ते नकळत दाबले जाऊ नये म्हणून त्याच्या प्रतिसादाचा वेळ पुढे फर्मवेअरमधून सुधारावा लागला. पिशवीत घासून फिरणारी एक्स्पोजर-भरपाईची चकतीही याच जातीची. सगळी छायाचित्रे अचानक काळवंडली, तर आधी तीच पाहावी. फुजीफिल्मच्या काही कॅमेऱ्यांत ती ‘सी’ या स्थानावर ठेवली, की भरपाईचे काम पुढच्या चक्राकडे जाते.

ज्या बटणाची जागा बोटाला सापडतच नाही, त्यावर मखमली टिकली चिकटवावी. उपाय हसण्यासारखा वाटेल, परंतु अंधाऱ्या नाट्यगृहात शेजारशेजारच्या दोन सपाट बटणांतला फरक ती बोटाला सांगते. घामाने निघाली तर नवी लावावी. पाकीट दहा-वीस रुपयांत मिळते.

एवढे सारे जुळवल्यावर ते जतन करणे विसरू नये. डायलवरील स्वतःच्या स्थानांत केलेले तात्पुरते बदल अनेक कॅमेऱ्यांत बंद-चालू करताच पुसले जातात, म्हणून ते पुन्हा नोंदवावे लागतात. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हे आपोआप नोंदवण्याचा पर्याय आहे. संपूर्ण मांडणी मेमरी कार्डावर फाइल म्हणून ठेवण्याची सोय असल्यास ती फाइल संगणकावरही उतरवून ठेवावी, कारण कार्ड फॉरमॅट केले की तीही जाते, आणि दुरुस्तीहून परतलेल्या कॅमेऱ्याची बटणे कधी कधी कारखान्यातल्या मूळ नेमणुकीवर आलेली असतात.