नाटककार अण्णा भाऊ साठे

मराठी रंगभूमीचा जो इतिहास आपण शिकवतो त्यात किर्लोस्कर, देवल, गडकरी हमखास येतात. अण्णा भाऊ साठे क्वचितच येतात. नवी मुंबईत मराठी शिकवताना मला दिसते की, ‘फकिरा’चा लेखक विद्यार्थ्यांना माहीत असतो, पण ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ लिहिणारा नाटककार माहीत नसतो. याला निव्वळ विस्मरण म्हणता येणार नाही. रंगभूमी कशाला म्हणायचे, हे प्रस्थापितांनी ठरवले त्याचा हा परिणाम आहे.

१९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णा भाऊंच्या वाट्याला शाळा आली ती दीड दिवस. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठून ते मिळेल ते काम करत गेले, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले.

गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम. अण्णा भाऊंनी गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले आणि गौळण वगळली. ज्या जातींच्या बायकांना गावाने नाचवले, त्या जातींतल्या लेखकाने ती वगळावी, यात मोठा अर्थ आहे. सोंगाड्याची हजरजबाबी जीभ मात्र त्यांनी राखली आणि ती सावकार, शेटजी, पुढारी यांच्यावर सोडली. पडदा नको, नेपथ्य नको. चाळीचे पटांगण पुरे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा तोच तमाशा ‘लोकनाट्य’ या नावाने पुन्हा उभा राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मुंबई’ने हे शहर कुणाचे, हा सवाल कामगाराच्या तोंडून विचारला.

याला ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एक सांगावे : वरच्या वर्गाचे दुःख मांडणारे नाटक प्रचार का ठरत नाही? अण्णा भाऊ लाल बावट्याचे की निळ्या निशाणाचे, हा वादही येथे अपुरा पडतो. १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले आणि ‘फकिरा’ बाबासाहेबांना अर्पण केली. जात आणि वर्ग त्यांनी एकाच देहावर भोगले होते.

१९६९ साली ते दारिद्र्यातच गेले. माथाडी कायदा त्याच वर्षीचा. त्या कायद्याखाली तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणारा हमाल हाच या लोकनाट्यांचा खरा प्रेक्षक आहे. जयंतीला पुतळ्याला हार जरूर घालावा. पण त्याच संध्याकाळी बाजाराच्या आवारात ‘शेटजींचे इलेक्शन’ही उभे करावे. आपला इतिहास दुसरे कोणी लिहून देणार नाही.