किनाऱ्यावरील सुट्टी : ऋतू, समुद्र आणि शहर यांची निवड

भारताच्या मुख्य भूमीचा किनारा जवळजवळ संपूर्णपणे उष्ण कटिबंधात मोडतो. त्यामुळे येथील सहलीचा काळ थंडीवर नव्हे, तर पाऊस आणि समुद्राची स्थिती यांवर ठरतो. मात्र पश्चिम व पूर्व किनाऱ्यांचे पावसाळे निरनिराळे असल्याने एकाच महिन्यात एक किनारा अनुकूल, तर दुसरा प्रतिकूल असू शकतो.

पश्चिम किनारा

नैऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळमध्ये दाखल होतात. जून ते सप्टेंबर या काळात कोकण, गोवा, कर्नाटक व केरळ येथील समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते, तर कोळी समाज परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्या हंगामास प्रारंभ करतो. पावसाळ्यात मालवण-तारकर्ली येथील जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्याही बंद असतात. या किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा होय.

पूर्व किनारा

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि आंध्र प्रदेशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पडतो. म्हणूनच नाताळच्या सुट्टीत गोवा कोरडा असताना चेन्नईत पाऊस असण्याची शक्यता असते. चेन्नई, मामल्लपुरम व पुदुच्चेरीसाठी जानेवारी ते मार्च हे महिने अधिक योग्य ठरतात. बंगालच्या उपसागरात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चक्रीवादळे निर्माण होतात. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ रोजी महाचक्रीवादळ धडकले, तर ३ मे २०१९ रोजी 'फनी' चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले. त्यामुळे दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीत पुरी अथवा विशाखापट्टणमला जाणाऱ्यांनी हवामान विभागाचा अंदाज पाहूनच प्रस्थान ठेवावे.

बेटे

अंदमानसाठी जानेवारी ते एप्रिल हा तुलनेने कोरडा काळ आहे. पूर्वी पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजधानीचे २०२४ मध्ये 'श्री विजयपुरम' असे नामकरण झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्ये ठेवण्यात आले होते, ते याच शहरात आहे. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना आवश्यक असल्याने तिकिटापूर्वी परवान्याची चौकशी करणे हिताचे ठरते.

शहर की किनारी गाव?

वृद्ध, लहान मुले किंवा नियमित औषधोपचार घेणारे सोबत असल्यास कोची, चेन्नई, विशाखापट्टणम यांसारख्या शहरात मुक्काम करून जवळच्या किनाऱ्यावर जाणे श्रेयस्कर. तेथे रुग्णालय, रेल्वे व विमानतळ हाताशी असतात आणि पाऊस आल्यास संग्रहालये व ऐतिहासिक स्थळेही पाहता येतात. निवांतपणा हवा असल्यास लहान गाव निवडावे. मात्र जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत काय आणि पोहण्यास परवानगी आहे काय, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे. किनाऱ्याची स्वच्छता, पाण्याचा दर्जा व सुरक्षितता यांच्या निकषांवर 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दिले जाते. २०२० मध्ये भारतातील आठ किनाऱ्यांना ते प्रथमच मिळाले. त्यांत पुरीचा गोल्डन, विशाखापट्टणमचा ऋषिकोंडा आणि अंदमानातील राधानगर यांचा समावेश होता. हे प्रमाणपत्र कायमस्वरूपी नसते.

सुरक्षितता

अनुकूल ऋतू म्हणजे सुरक्षित समुद्र नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे ऐन पर्यटन हंगामात, रायगड जिल्ह्यातील मुरुड येथे पुण्याहून सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांना समुद्रात बुडून प्राण गमवावे लागले. पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक मच्छीमारांकडून जाणून घ्याव्यात आणि लाल बावटा असल्यास पाण्यात जाऊ नये. परतीच्या प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केल्याने माणूस थकतो. त्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे व मग किनारा गाठावा. पोहता येत नसल्यास तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. उंच लाटांचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातर्फे दिले जातात. प्रवासाच्या आदल्या दिवशी ते अवश्य पाहावेत.